'क्लेमला तीन वर्षं असतात' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. तालमीच्या ग्रुपवर, भावकीच्या ग्रुपवर, शेजाऱ्यांकडून आणि कहर म्हणजे एकदा कोर्टातच चहा पिताना एकानं मोबाइल पुढं करून दाखवला. मजकूर थोडक्यात असा : 'अपघातात जखमी झालात तर घाई करू नका. क्लेमला तीन वर्षं असतात. आधी पूर्ण बरे व्हा, अपंगत्वाचा दाखला काढा, पोलीस केसचा निकाल लागू द्या, मग वकील गाठा. अपघात जिथं झाला तिथल्याच कोर्टात जावं लागतं. धडकून पळालेल्या गाडीचा नंबर नसेल तर रुपयाही मिळत नाही. आणि अपील म्हणजे मुंबईच्या खेपा.' खाली हात जोडलेले आणि 'जनहितार्थ'.

मी वकील नाही, वकिलांकडचा कारकून आहे. कोल्हापुरातल्या कसबा बावड्याच्या कोर्टात क्लेमच्या, म्हणजे अपघात भरपाईच्या दाव्यांच्या, फायली वाहण्यात बरीच वर्षं गेली. या मेसेजपायी लोकांचं नुकसान झालेलं पाहिलंय, म्हणून हे लिहितोय.

तीन वर्षांचं आधी बघू. मुदतीच्या सर्वसाधारण कायद्यात बऱ्याच कामांना तीन वर्षं आहेत, ग्राहक आयोगाला दोन आहेत, तिथूनच हा आकडा आला असणार. पण अपघातातल्या जखमीचा दावा मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली चालतो आणि त्याची मुदत सहा महिने आहे. जुन्या लोकांच्या डोक्यात 'क्लेमला मुदतच नसते' हे बसलंय, ते अगदीच चूक नव्हतं. 1988 च्या मूळ कायद्यात सहा महिने होते, उशिराचं कारण पटलं तर वर्षापर्यंत सवलत. 1994 च्या दुरुस्तीत ती अटच काढून टाकली. त्यामुळं पुढं सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं चार वर्षांपूर्वीच्या अपघाताचे दावेही आम्ही बिनघोर दाखल करायचो. मग 2019 ची दुरुस्ती आली, हा भाग 1 एप्रिल 2022 पासून लागू झाला आणि सहा महिने परत आले. या वेळी उशीर माफ करण्याची जुनी सवलत मात्र कलमात ठेवलेली नाही.

मोजायचं कधीपासून, तर अपघाताच्या तारखेपासून. डिस्चार्जच्या नाही, रॉड काढल्याच्याही नाही.

इथंच माणसं फसतात. करवीर तालुक्यातले एक काका आमच्याकडं आले होते. गळिताचा हंगाम, रात्रीची वेळ, रस्त्याकडेला उसाची ट्रॉली उभी, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. मोटरसायकल मागून आत घुसली. मांडीचं हाड मोडलं, रॉड घातला. कापड दुकानाच्या पिशवीत औषधांची बिलं, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड सगळं नीट घडी घालून आणलेलं. एक चिठ्ठी हरवली नव्हती. मी अपघाताच्या तारखेपासून बोटं मोजायला लागलो तर आठवा महिना निघाला. म्हटलं, "काका, इतके दिवस कुठं होता?" तर म्हणाले, "सगळी म्हणाली, रॉड काढल्यावर जावा, मग अपंगत्वाची टक्केवारी बरी मिळती. तीन वरीस टाइम हाय म्हणं." दावा दाखल केला. विमा कंपनीच्या लेखी म्हणण्यात पहिलीच हरकत मुदतीची.

तेव्हा 'आधी बरे व्हा, दाखला काढा' याला उत्तर असं की अर्ज आधी टाकायचा, दाखला पुराव्याच्या वेळी आणायचा. उपचार चालू असतानाही दावा दाखल होतो. पुढचा खर्च वाढला तर अर्जात दुरुस्ती करून मागता येतो. सुरुवातीला फिर्यादीची नक्कल, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, समोरच्या गाडीचे आणि विम्याचे तपशील एवढं हातात असलं तरी काम सुरू होतं.

आता काही जण सांगतील, सुप्रीम कोर्टानं ही मुदत थांबवलीय. अर्धं खरं आहे. या तरतुदीला आव्हान देणाऱ्या याचिका तिथं आहेत आणि नोव्हेंबर 2025 मध्ये कोर्टानं सांगितलं की त्या प्रलंबित असेपर्यंत केवळ सहा महिने उलटले म्हणून दावे फेटाळू नका. ज्यांना उशीर झालाय त्यांनी या आधारावर जरूर दावा टाकावा, घरी बसू नये. पण हा अंतरिम आदेश आहे. कलम रद्द झालेलं नाही. ज्याच्या हातात अजून महिने आहेत त्यानं या भरवशावर कशाला थांबायचं?

पोलीस केसच्या निकालाची वाट बघण्याचं तर काहीच कारण नाही. फौजदारी खटला वर्षानुवर्षं चालतो आणि तिथं गुन्हा संशयापलीकडं शाबीत करावा लागतो. क्लेमच्या न्यायाधिकरणात, म्हणजे हे दावे चालतात त्या कोर्टात, पुराव्याचं पारडं कुठं झुकतं एवढंच बघतात. ड्रायव्हर निर्दोष सुटला म्हणून भरपाई आपोआप बुडत नाही.

पोलिसांचं एक काम मात्र लोकांना माहीत नसतं. 2022 च्या नियमांनी तपास अधिकाऱ्यानं 48 तासांत पहिला अहवाल आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो. कलम 166 च्या पोटकलम 4 प्रमाणं पोलिसांकडून आलेला अपघाताचा अहवाल हाच भरपाईचा अर्ज धरायचा आहे. म्हणून पोलीस ठाण्यात जाऊन 'साहेब, अहवाल कोर्टात गेला का, कुठल्या तारखेला?' एवढं विचारून तारीख लिहून घ्या. गेला असेल तर मुदतीच्या भांडणात तो मोठा आधार आहे. नसेल गेला, तर तुमचा अर्ज तुम्ही टाका. मी तर म्हणेन, गेला असला तरी टाका.

कोर्ट कुठलं? अपघात झाला तिथलं, तुम्ही राहता किंवा धंदा करता तिथलं, किंवा समोरचा राहतो तिथलं, निवड तुमची. साताऱ्याजवळ हायवेवर गाडी ठोकली असली तरी राजारामपुरीतला माणूस दावा कोल्हापुरात लावू शकतो.

गाडी पळून गेली आणि नंबर मिळाला नाही तर? मृत्यूला 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50 हजार रुपये मिळतात. 2022 च्या आधी हे 25 हजार आणि साडेबारा हजार होते. हा अर्ज कोर्टात नसतो, प्रांत किंवा तहसीलदारांकडं द्यावा लागतो. पोलिसांत नोंद मात्र हवीच.

राहिलं अपील. निकालापासून 90 दिवस, आणि वादातली रक्कम निदान एक लाख हवी. मुंबईचं म्हणाल तर 18 ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कोल्हापुरात सुरू आहे, भाऊसिंगजी रोडवर, जुन्या कोर्टाच्या इमारतीत. रस्त्याच्या पलीकडं सीपीआर हा सरकारी दवाखाना, जिथं आमच्या निम्म्या अशिलांना अपघाताच्या रात्री पहिल्यांदा नेलेलं असतं.