सगळे ‘टेन्शन’च असेल, तर शौचातले रक्त कशाचे?

‘आयबीएस हा आजारच नव्हे, ते नुसते टेन्शन, तपासण्या म्हणजे पैसे उकळण्याचा धंदा, गोळ्या बंद करा, पाव आणि मासे कायमचे सोडा, रोज श्वसनाचे व्यायाम करा आणि 21 दिवसांत कायमचे बरे व्हा,’ असा एक संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, वारंवार पोट दुखणे आणि शौचाच्या तक्रारी असलेला आतड्यांचा विकार. तो डिचोलीच्या आमच्या वहिनींपर्यंत पोहोचला आणि त्यांनी डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी रद्द केली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

तणावाचा पोटाशी संबंध आहे, एवढे मान्य करावेच लागते. मेंदू आणि आतडी एकमेकांना सतत संदेश देत असतात. मन ताणलेले असले की आतड्यांची हालचाल बदलते आणि एरवी जाणवलाही नसता असा वायू दुखू लागतो. परंतु तणावाने त्रास वाढतो याचा अर्थ तणावाखेरीज दुसरे काही नाही, असा होत नाही. कित्येकांना हा विकार जुलाब-उलट्यांच्या संसर्गानंतर जडतो.

खरा संताप येतो तो तपासण्यांविषयीच्या बेजबाबदार वाक्याचा. शौचातून रक्त जाणे, कारण नसताना वजन घटणे, रक्तक्षय, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास किंवा घरात कोणाला झालेला आतड्याचा कर्करोग, यांपैकी काहीही असले तर तपासल्यावाचून त्याला आयबीएस म्हणता येत नाही. वहिनींना गेले काही आठवडे रक्त दिसते आहे. ते मूळव्याधीचे असेलही. पण रुग्णाला न पाहताच तसे ठरवणारा हा संदेशकर्ता कोण?

मनोपचारांच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा देणारे संशोधनसुद्धा त्याच्या मदतीला येत नाही. ब्रिटनमधील ‘अ‍ॅक्टिब’ ही चाचणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. किमान वर्षभर उपचार घेऊनही त्रास न थांबलेल्या 558 रुग्णांपैकी काहींना दूरध्वनीवरून, तर काहींना संकेतस्थळाच्या साहाय्याने सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्याचा मनोपचार, देण्यात आला आणि नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपेक्षा त्यांची लक्षणे वर्षअखेरीस स्पष्टपणे कमी झालेली आढळली. मात्र हा मनोपचार नेहमीच्या उपचारांच्या जोडीला होता, त्यांच्याऐवजी नव्हता. आणि ज्यांच्या रक्तस्रावाचे कारण कळलेले नव्हते, अशांना चाचणीत घेतलेच नव्हते. म्हणजे वहिनींना तिथे प्रवेशच मिळाला नसता.

पथ्याविषयी फार लिहीत नाही. गहू, कांदा आणि लसूण यांनी काहींचे पोट फुगते, त्यामुळे पावाबद्दलचे म्हणणे अर्धे खरे आहे. पण असे पथ्य काही आठवडे पाळून मग एकेक पदार्थ पुन्हा घेऊन पाहायचा असतो, तोही शक्यतो आहारतज्ज्ञाला विचारून. उकड्या तांदळाच्या पेजेने आणि मासळीने तर संदेशकर्त्याचे काहीच वाकडे केलेले नाही.

उरले ते 21 दिवस. ‘अ‍ॅक्टिब’मध्ये दूरध्वनीवरून मनोपचार घेणाऱ्यांना 9 आठवड्यांत 6 सत्रे होती, त्यानंतर चौथ्या आणि आठव्या महिन्यांत आणखी एकेक, आणि एवढे करूनही त्या संशोधकांनी कोणाला ‘कायमचे बरे’ करण्याचे वचन दिले नव्हते.