‘गोळ्या बंद करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘एचआयव्ही नावाचा विषाणू कुणी सिद्धच केलेला नाही. एड्स होतो तो औषधांमुळे. सगळा औषध कंपन्यांचा धंदा आहे. गोळ्या बंद करा, शरीर आपलं आपण सावरतं.’ हा मजकूर या फोनवरून त्या फोनवर फिरतो आहे. नुकताच रिपोर्ट पॉझिटिव्ह आलेला, पण अंगात काहीच त्रास नसलेला माणूस तो वाचतो, तेव्हा शेवटचं वाक्य त्याला सुटकेसारखं वाटतं. त्याच्यासाठी हे लिहिते आहे.

विषाणूचं आधी. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रान्स्वाज बारे-सिनूसी आणि ल्यूक माँटानिए यांच्या गटाने तो वेगळा काढला. २००८ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. रक्तात त्याच्या किती प्रती आहेत हे आज मोजता येतं. व्हायरल लोडची तपासणी ती हीच.

‘औषधांमुळे एड्स होतो’ यात सत्याचा एक कण आहे, म्हणून इथे थांबायला हवं. १९८७ मध्ये आलेलं पहिलं औषध, एझेडटी, सुरुवातीला फार मोठ्या मात्रेत दिलं गेलं. रक्त कमी व्हायचं, रुग्ण हैराण व्हायचे. पुढे मात्रा घटवली. पण एड्सचे रुग्ण १९८१ पासूनच नोंदले जात होते. औषधच नव्हतं, तेव्हा ती माणसं कशाने गेली?

ब्रिटनमधल्या हिमोफिलियाच्या रुग्णांकडे पाहा. या आजारात रक्त नीट गोठत नाही, म्हणून इतरांच्या रक्तापासून बनवलेले घटक टोचावे लागत. त्यातून काहींना एचआयव्हीची लागण झाली, काहींना झाली नाही. आजार तोच, उपचारही तेच. तीव्र हिमोफिलिया असलेल्यांत १९७७ ते १९८४ या काळात वर्षाला हजारी ८ मृत्यू होत. पुढच्या आठ वर्षांत लागण न झालेल्यांत हा आकडा ८च राहिला. लागण झालेल्यांत तो चढत जाऊन १९९१-९२ मध्ये ८१ झाला. हा पुरावा त्या माणसांच्या जिवाच्या मोलाने मिळालेला आहे. तो असा एका मेसेजने पुसला जातो, याचा मला राग येतो.

कंपन्या नफा कमावतात, हे खरंच. स्वस्त औषधांचा मार्ग खुला करणाऱ्या कायद्याविरुद्ध त्या दक्षिण आफ्रिकेत कोर्टात गेल्या होत्या. पण त्यांच्याशी लढले ते रुग्णच, आणि लढले ते याच गोळ्या परवडाव्यात म्हणून. एप्रिल २००१ मध्ये ३९ कंपन्यांना खटला मागे घ्यावा लागला. दुर्दैव असं, की त्याच देशाचे तेव्हाचे अध्यक्ष थाबो म्बेकी यांनी या मेसेजसारख्याच मतांना कान दिला आणि सरकारी दवाखान्यांत औषधं यायला उशीर झाला. २००० ते २००५ या काळात त्यामुळे ३,३०,०००हून जास्त लोक अकाली गेले, असा हार्वर्डच्या संशोधकांचा अंदाज आहे.

राहिलं ‘शरीर सावरतं’. हेही करून पाहिलेलं आहे. ‘स्मार्ट’ नावाच्या चाचणीत ३३ देशांतले ५,४७२ रुग्ण होते. निम्म्यांनी गोळ्या सलग घेतल्या. उरलेल्यांनी सीडी-४ पेशी (रोगाशी लढणाऱ्या, एचआयव्ही ज्यांना मारतो त्या रक्तातल्या पेशी) ३५०च्या वर असताना गोळ्या थांबवल्या आणि २५०च्या खाली गेल्यावर पुन्हा सुरू केल्या. थांबवणाऱ्यांत गंभीर संसर्ग किंवा मृत्यू यांचं प्रमाण दुपटीहून जास्त निघालं, आणि २००६ मध्ये तो प्रयोग मुदतीआधीच आवरता घ्यावा लागला. कारण गोळ्या विषाणूची वाढ रोखतात. काही पेशींत तो निपचित दडून बसतो, तिथे त्यांचा परिणाम होत नाही. गोळ्या सुटल्या की बहुतेकांच्या रक्तात तो काही आठवड्यांतच पुन्हा वाढतो. बरं वाटतं ते गोळ्या चालू आहेत म्हणून. शिवाय व्हायरल लोड तपासणीत सापडणार नाही इतका खाली टिकला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

मेसेज वाचून कुणी गोळ्या सोडल्याच असतील, तर उरलेल्या गोळ्या घरी आपल्या मनाने सुरू करू नका. उपचार केंद्रात जा, किती दिवस खंड पडला ते खरं सांगा. असा खंड अनेकांचा पडतो. ते व्हायरल लोड तपासतील, गरज वाटली तर औषध बदलतील, आणि उपचार पुन्हा मार्गी लावतील.