पक्षी मध्ये येतो

रोहितांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, फोटो काढायचे तर सगळ्यात आधी पॅन्ट घ्या. कॅमेऱ्याचं नंतर बघू. पॅन्ट मिलिटरी छापाची, हिरव्या-तपकिरी ठिपक्यांची आणि किमान नऊ खिशांची हवी. सकाळी साडेसहाला नवी मुंबईतल्या पाम बीच रोडच्या कडेला लाल ट्रॅकसूटमधले काका आणि पिवळ्या कुर्त्यातल्या काकू चालत असतात. त्यांच्यात ही पॅन्ट घालून उभे राहिलात की तुम्ही परिसराशी असे काही एकरूप होता की पलीकडच्या टॉवरच्या चौदाव्या मजल्यावरूनही ओळखू येता. पक्षी कपड्यांपेक्षा हालचालीला जास्त बिचकतात म्हणे. पण दुकानदार हे बोलला नव्हता, तेव्हा सोडून द्या.

लेन्स 600 मिलिमीटरची. त्याहून लहान लेन्स घेऊन आलात तर लोक तुम्हाला बारशाच्या फोटोंचा भाव विचारतील. परवडत नसेल तर शनिवार-रविवारसाठी भाड्याने घ्या आणि कोणी विचारलंच तर "जुनी काढायचीय आता" असं म्हणून सुस्कारा सोडा. तळ्याकाठी जमलेल्या मंडळींत पहिला प्रश्न "कोणती लेन्स?" हाच असतो. "कोणता पक्षी?" असं विचारणारा नवखा असतो, त्याला कोपऱ्यात उभं करतात.

आता प्रत्यक्ष रोहित. ओहोटीला ठाणे खाडीतला चिखल उघडा पडतो तेव्हा ते तिथे चरतात. भरती चढली की चिखल बुडतो, आणि त्यातले बरेचसे विसाव्यासाठी नेरुळ-सीवूड्सच्या तळ्यांवर येतात. कोळीवाड्यातल्या शेंबड्या पोरालाही भरतीची वेळ तिथीवरून सांगता येते. तुम्ही तिथी बघू नका, रविवार बघा. झोप झाल्यावर, पोहे खाऊन, निवांत दहाला पोचा आणि "यंदा पक्षीच कमी झालेत हो, पर्यावरणाची वाट लागली" असं मोठ्याने म्हणा. वाट लागलीच आहे, त्यामुळे कोणी खोडून काढणार नाही.

ऐरोलीहून बोटीने जाणार असाल तर पहिला थवा दिसताच सगळ्यांनी एकदम एकाच बाजूला उभं राहायचं. बोटवाला "साहेब, खाली बसा" असं ओरडेल. त्याला कलेतलं काय कळतंय!

तळ्यावरचे रोहित बहुतेक वेळा एका पायावर उभे असतात, मान पाठीच्या पिसांत खुपसून. अशा झोपाळू फोटोला कोण विचारतं? सगळ्यांना हवा असतो उडतानाचा शॉट. पंख उघडले की आतला लाल-काळा रंग दिसतो, तो. पक्षी आपण होऊन उडेपर्यंत थांबायचं म्हणजे ऊन चढतं, पाणी संपतं, घरून फोन येतो. म्हणून शहाणी माणसं खिशात एक खडा ठेवतात (नऊ खिसे उगीच नसतात). रोहिताला जागच्या जागी भुर्रकन उडता येत नाही, पाण्यावर धावत वेग घ्यावा लागतो. त्यामुळे तुम्हाला चांगला वेळ मिळतो, सेकंदाला वीस फ्रेम सहज. त्यांना पावसाच्या तोंडावर परतीचा पल्ला गाठायचा असतो, कच्छकडे वगैरे, आणि त्यासाठी अंगात ताकद साठवायची असते. पण तो त्यांचा खाजगी प्रश्न झाला. मी स्वतः खडा मारत नाही. मी टाळी वाजवतो. तेवढे संस्कार आहेत घरचे.

घरी आल्यावर खरं छायाचित्रण सुरू होतं. रोहिताची पिल्लं राखाडी असतात. चिखलातलं शेवाळ आणि बारीकसारीक जीव खाऊन, त्यातल्या रंगद्रव्याने त्यांना हळूहळू गुलाबी रंग चढतो. वर्षं जातात त्यात. तुम्ही तोच रंग सॅच्युरेशनच्या पट्टीवर दोन सेकंदांत चढवा. धाकटा रोहित (ही रोहितांची लहान जात) बर्फाच्या गोळ्यासारखा दिसू लागला की थांबा. मग कातरकाम. डावीकडे विजेच्या तारा, उजवीकडे क्रेन, मागे अर्धवट बांधलेली इमारत, पुढे निर्माल्याची पिशवी. हे सगळं कापत गेलात की शेवटी एक पक्षी आणि वीतभर पाणी उरतं. त्याखाली 'अस्पर्श निसर्ग' असं लिहा. ठाणे खाडीत 2015 साली अभयारण्य झालं, 2022 मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलं, हेही लिहा. तिसऱ्या ओळीनंतर कोणी वाचत नाही, पण अभ्यास दिसतो. आणि स्वतःचं नाव पक्ष्यापेक्षा मोठं टाका.

तळ्यात भरतीचं पाणी यायची वाट कुठे अडली, पाणी साचून हिरवंगार शेवाळ माजलं आणि पक्षी फिरकेनासे झाले, तरी खचून जायचं नाही. कॅमेरा जमिनीला टेकवून फोटो घ्या. थेट स्वित्झर्लंडचं कुरण.

रोहित परत गेले की जूनमध्ये ठाण्याजवळचं येऊरचं जंगल. तिथे नवरंग पक्षी येतो, आणि तो झुडपातून बाहेर यायला तयार नसतो. त्यासाठी ब्लूटूथ स्पीकर. नवरंगाची शीळ लावली की आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय असं वाटून तो खवळून समोर येतो, घरटं बांधायचं सोडून भांडायला. येऊरला हद्दीचे वाद काही नवीन नाहीत. आवाजाबद्दल कोणी हटकलंच तर शनिवारी रात्री तिथल्या बंगल्यांमधून काय काय वाजतं ते ऐकवा.

धबधब्यासाठी खारघरला पांडवकडा आहे. पावसाळ्यात तिथे जायला बंदी असते आणि धबधबाही पावसाळ्यातच असतो, ही प्रशासनाची गैरसोय समजून घ्या आणि लांबून, रस्त्यावरूनच, दुधासारखं पाणी काढण्यासाठी ट्रायपॉड लावा. मागे वाहनं खोळंबतील. लाँग एक्स्पोजरमध्ये त्यांचे दिवेही छान येतात.

एक सावधगिरी मात्र सांगतो. मुलांना बरोबर नेऊ नका. माझी मुलगी आली होती एकदा, आठ वर्षांची. तळ्याकाठी अर्धा तास गप्प बसली आणि मग म्हणाली, "बाबा, ते खाताना डोकं उलटं का करतात?" मी म्हटलं, "हलू नकोस, फोकस जातो." ती पुढे बराच वेळ स्वतःशीच काहीतरी मोजत होती. मी त्या दिवशी चौदाशे फोटो काढले. घरी आल्यावर आजीने विचारलं, "किती होते गं पक्षी?" तिने सांगितलं, "दोनशे बारा. त्यातला एक लंगडत होता." मी कार्डावरचे सगळे फोटो चाळले. लंगडणारा कुठेच सापडला नाही. बहुतेक कातरकामात गेला.

पावसाळ्यात लेन्स कपाटात ठेवा, तीही कापडी पिशवीत घट्ट गुंडाळून. सिलिका जेल वगैरे भित्र्या लोकांसाठी. आपल्याकडची दमट हवा श्रावण संपेपर्यंत काचेच्या आत बुरशी धरते. उजेडात धरून बघा: पांढरं, नाजूक, फांद्या-उपफांद्यांचं जाळं, कोणी न उडवता, न बोलावता, आपल्याच घरी आलेलं. मोबाईलवर सुरेख येतो त्याचा फोटो.