ईव्ह म्युरहेडचं सोनं आणि सामन्याआधीचे दोन दगड

कर्लिंग म्हणजे बर्फावर दगड घसरवत लक्ष्यवर्तुळाच्या मध्याजवळ थांबवण्याचा खेळ. ज्युनिअर कर्लिंगमध्ये टाळ्या पडतात त्या टेकआउटला. जवळपास वीस किलोंचा ग्रॅनाइटचा दगड सुसाट येतो, समोरच्याचे दोन दगड एका फटक्यात बाहेर जातात, आणि गॅलरी खूश. पण एखाद्या पोरीचं करिअर पुढे किती चालेल हे या फटक्यांवरून ठरवायला माझा ठाम विरोध आहे. कॅरममध्ये नुसता जोरात मारणारा जसा लवकर ओळखू येतो, तसंच इथेही. खरी परीक्षा ड्रॉची असते. दगड हळू सोडायचा आणि बरोबर हव्या त्या जागी थांबवायचा.

उदाहरण स्कॉटलंडच्या ईव्ह म्युरहेडचंच घ्या. ज्युनिअर वर्ल्डची चार सुवर्णं: २००७, २००८, २००९, २०११. मधेच २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकला वयाच्या १९ व्या वर्षी ती ब्रिटनची स्किप, म्हणजे कर्णधार, होती (ऑलिंपिकला स्कॉटलंडच्या मुली ब्रिटन म्हणून खेळतात), आणि संघ दहात सातवा आला. २०१३ मध्ये रिगाला सीनिअर जगज्जेतेपद, २०१४ ला सोचीत ब्राँझ. ऑलिंपिकचं सोनं मात्र २०२२ मध्ये, ३१ व्या वर्षी. ज्युनिअरची चार सुवर्णं पाहून ‘आता ऑलिंपिक हिचंच’ म्हणणाऱ्यांना एक तपभर थांबावं लागलं.

लोकांच्या लक्षात राहिला तो २०१८ चा प्याँगचँगमधला चुकलेला शेवटचा दगड. जपानविरुद्ध ब्राँझची मॅच, दहावा म्हणजे शेवटचा एंड (डाव), ब्रिटन ३-४ ने मागे, पण हॅमर, म्हणजे शेवटचा दगड, ब्रिटनकडे. एक गुण घेतला तर बरोबरी होते, पण एक्स्ट्रा एंडला हॅमर जपानकडे जातो. दोन घेतले तर तिथेच ब्राँझ. तिने दोनासाठी मारलं, गणित फिसकटलं, उलट जपानलाच गुण मिळाला: ३-५. यावरून तिला ‘दबावात कोसळणारी’ ठरवणाऱ्यांना हॅमरचा हिशोब कळलेला नाही, असंच मी म्हणेन. निर्णय बरोबर होता, दगड चुकला. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता २०२२ कडे या. २०२१ च्या वर्ल्डमध्ये स्कॉटलंड आठवं, ऑलिंपिकची थेट पात्रता पहिल्या सहांनाच. मग ठरलेला संघ बाजूला ठेवून नऊ जणींचा पूल केला, आलटून पालटून खेळवलं आणि त्यातून पाच निवडल्या. नोव्हेंबरमध्ये लिलेहॅमरला युरोपियन सुवर्ण, डिसेंबरमध्ये लेवार्डनला पात्रता. बीजिंगच्या साखळीत ब्रिटन, जपान आणि कॅनडा तिघांचेही पाच विजय, चार पराभव. आपापसातही प्रत्येकाचा एक जय, एक पराजय. उपांत्य फेरीच्या जागा दोनच. कॅनडा घरी गेला तो ड्रॉ शॉट चॅलेंजच्या सरासरीवर.

ही सरासरी येते कुठून? प्रत्येक सामन्याआधी सरावानंतर संघातले दोन खेळाडू एकेक दगड टाकतात, एक घड्याळाच्या दिशेने फिरणारा, दुसरा उलट. हाऊसच्या, म्हणजे लक्ष्यवर्तुळाच्या, मध्यबिंदूपासून अंतर सेंटिमीटरमध्ये मोजतात. दगड हाऊसमध्ये थांबलाच नाही तर थेट १९९.६ सेंमी लिहितात. दोन्हींची बेरीज कमी त्याला पहिल्या एंडचा हॅमर, आणि साखळीभराच्या आकड्यांतले सर्वात वाईट वगळून जी सरासरी निघते ती बरोबरी सोडवते. टीव्ही हे क्वचितच दाखवतो. उपांत्य सामना स्वीडनशी १२-११, एक्स्ट्रा एंडमध्ये. अंतिम जपानशी १०-३. पण तिथवर पोचवलं या दोन-दोन दगडांनी.

ज्युनिअरांचा ड्रॉ बिघडतो कुठे? बहुतेक वेळा हातात. वेग पायातून यायला हवा: हॅकवर (पाय टेकवायच्या आधारावर) पाय रोवायचा, दगड किंचित मागे घ्यायचा, मग दगड आधी, पाय नंतर. पायाचा रेटा कमी पडला की पोरं सोडताना हाताने ढकलतात. वेगही चुकतो, रेषाही. बॅकलाइन (हाऊसमागची रेषा) ते जवळची हॉग लाइन (जिच्याआधी दगड सोडावा लागतो ती रेषा) हा वेळ स्टॉपवॉचवर घ्या. इथे ०.१ सेकंदाचा फरक म्हणजे पलीकडे साधारण दोन मीटरचा फरक. स्वीपिंगने, म्हणजे दगडापुढचा बर्फ ब्रशने घासून, काही भरून निघतं, पण जोरात गेलेला दगड कोणताही ब्रश मागे आणत नाही.

दुसरी चूक बर्फाची. बर्फावर पाण्याचे थेंब शिंपडून पेबल करतात, दगड त्या बारीक टेकाडांवरून जातो. खेळ पुढे सरकला की मधली वाट झिजते आणि वेगवान होते, कडेला बर्फ जडच राहतो. पहिल्या एंडचा वेग सहाव्या एंडला वापरणारी मुलगी हाऊसच्या मागेच जाणार. हे जिममध्ये शिकता येत नाही. बर्फावर तास घालावे लागतात, म्हणूनच स्टर्लिंगच्या नॅशनल कर्लिंग अकॅडमीसारख्या जागेची किंमत आहे.

कोचना एवढंच सुचवेन: ड्रॉच्या सरावात अर्धे दगड बिनास्वीपिंगचे टाकून घ्या, आणि दगड सुटल्याक्षणी तो कुठे थांबेल हे टाकणाऱ्याकडून मोठ्याने वदवून घ्या. अंदाज आणि दगड यांतलं अंतर वहीत लिहा. पालकहो, पुढच्या स्पर्धेचं निकालपत्रक हातात आलं की स्कोअरच्या शेजारचा एलएसडीचा, म्हणजे सामन्याआधीच्या त्या दोन दगडांच्या अंतराचा, आकडा आधी बघा.