‘आज रात्री मोबाइल बंद ठेवा’: त्या मेसेजची एकेक ओळ

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. दर काही महिन्यांनी तो फिरतो, कधी मराठीत, कधी हिंदीत. मजकूर साधारण असा: ‘आज रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाइल, टॅबलेट बंद करून शरीरापासून लांब ठेवा. मंगळाकडून येणारे कॉस्मिक किरण पृथ्वीच्या जवळून जाणार आहेत. किरणोत्सर्ग खूप वाढेल. मोबाइल जवळ असेल तर भयंकर इजा होऊ शकते. सिंगापूर टीव्हीवर बातमी आली आहे. गुगल, नासा, बीबीसीवर बघा. आपल्या माणसांना पाठवा.’

मी हौशी रेडिओवाला आहे, म्हणजे हॅम: स्वतःच्या रेडिओ संचावरून लांबलांबच्या हौशींशी बोलणारा. परळला इमारतीच्या गच्चीवर माझी अँटेना आहे. सूर्यावर काय चाललंय आणि त्यामुळे आज कुठल्या बँडवर, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर, लांबचं ऐकू येईल, हे बघणं रोजचंच. आसपासची शाळेतली मुलं रेडिओ शिकायला येतात, त्यांना हा मेसेज मी मुद्दाम वाचायला देतो. ग्रुपवर नुसतं ‘फेक आहे’ लिहून मोकळं होणं मला पटत नाही. त्यातून मूल एवढंच शिकतं की एका मोठ्या माणसाने खरं म्हटलं आणि दुसऱ्याने खोटं. तपासायचं कसं, ते राहूनच जातं.

‘आज रात्री साडेबारा ते साडेतीन’

हॅमच्या लॉगबुकात एका संपर्काची एक ओळ असते: तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, मोड (बोलून की मोर्समध्ये वगैरे), समोरच्याचं कॉल साइन (त्याची रेडिओवरची ओळख), सिग्नल कसा ऐकू येतो याचा त्याने आपल्याला दिलेला रिपोर्ट आणि आपण त्याला दिलेला. वेळ लिहायची ती यूटीसी या जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेप्रमाणे, म्हणजे मुंबईतल्या माणसाची आणि ब्राझीलमधल्या माणसाची नोंद जुळते. मुंबईत रात्रीचे साडेबारा वाजतात तेव्हा यूटीसीप्रमाणे १९:०० झालेले असतात, आणि तारीख आदल्या दिवसाची असते.

आता मेसेज बघा. तारीख नाही, ‘आज’ आहे. म्हणजे ज्या दिवशी वाचाल तो आज. वेळ कुठल्या देशाची, तेही नाही. बातमी सिंगापूरची असेल तर तिथे साडेबारा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे दहा वाजलेले असतात. मग फोन दहाला बंद करायचा की साडेबाराला? अवकाशातून येणारी गोष्ट प्रत्येक गावच्या घड्याळात साडेबारा वाजायची वाट बघत थांबणार नाही. मुलांना मी पहिला प्रश्न हाच विचारायला सांगतो: कुठल्या तारखेला, कुणाच्या घड्याळाने? मेसेज इथेच अर्धा गळून पडतो, आणि त्यासाठी विज्ञानाचं पुस्तक उघडावं लागत नाही.

‘मंगळाकडून येणारे कॉस्मिक किरण’

इथे मात्र थांबायला हवं, कारण कॉस्मिक किरण खरे आहेत. मेसेज खोटा आहे हे कळलं की हुशार मुलं एक पाऊल पुढे टाकतात आणि म्हणतात, ‘असले किरणबिरण काही नसतात.’ मला ही चूक पहिलीपेक्षा कमी वाटत नाही. सगळ्यावर विश्वास ठेवणं आणि सगळंच उडवून लावणं, दोन्हींत तपासण्याचे कष्ट वाचतात.

१९१२ साली व्हिक्टर हेस हा ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ उपकरणं घेऊन बलूनमधून पाच किलोमीटरहून जास्त उंचीवर गेला. तोवरची समजूत अशी की हवेतलं आयनीभवन, म्हणजे अणूंतून इलेक्ट्रॉन उडून त्यांच्यावर विद्युतभार येणं, जमिनीतल्या किरणोत्सारी द्रव्यांमुळे होतं. तसं असतं तर वर जाताना ते कमी कमी होत जायला हवं होतं. थोडं वर गेल्यावर ते उलट वाढत गेलं. म्हणजे काहीतरी वरून येत होतं. ते सूर्यातून येतं का, हे बघायला त्याने एक उड्डाण सूर्यग्रहणाच्या वेळी केलं. चंद्राने सूर्य झाकला तरी आकडा खाली आला नाही, म्हणून सूर्य हा मुख्य स्रोत नाही असं त्याने ठरवलं. १९३६ साली त्याला नोबेल मिळालं. ग्रहणातलं ते उड्डाण मुलांना मी पुन्हा पुन्हा सांगतो. ‘माझं म्हणणं चुकीचं असेल तर मला काय दिसायला हवं?’ हे आधी ठरवायचं आणि मग बघायला जायचं, हे त्यात स्वच्छ दिसतं.

आणि हा विषय आपल्या मुंबईचा आहे. होमी भाभांनी वॉल्टर हाइटलर या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर १९३७ साली कॉस्मिक किरणांच्या वर्षावाचं, म्हणजे एका कणापासून हवेत कणांचा लोंढा कसा तयार होतो त्याचं, गणित मांडलं. टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ मध्ये मुंबईत आली ती पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ या बंगल्यात, आणि कॉस्मिक किरण हा तिच्या सुरुवातीच्या कामातला मोठा भाग होता. ज्या शहरात हे काम झालं, तिथल्या मुलांनी या किरणांचं नाव पहिल्यांदा भीतीच्या मेसेजमध्ये वाचावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

राहता राहिला मंगळ. हे किरण म्हणजे बहुतेक प्रोटॉन (अणूच्या केंद्रातले धनभारित कण), आणि ते सगळ्या दिशांनी येतात. काही सूर्याचे असतात, बाकीचे आकाशगंगेतून, स्फोट पावलेल्या ताऱ्यांच्या अवशेषांसारख्या ठिकाणांहून आणि त्याही पलीकडून. एवढ्या ऊर्जेचे कण बाहेर फेकण्याची कुठलीही यंत्रणा मंगळावर नाही.

‘पृथ्वीच्या जवळून जाणार आहेत’

जवळून नाही, आपल्या अंगातून जातात, आणि सतत. हे कण वातावरणावर आदळले की त्यांतून म्यूऑन तयार होतात, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखे पण त्याहून जड कण. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरमागे मिनिटाला साधारण एक म्यूऑन खाली येतो. तळहात आडवा धरा: सेकंदाला एखादा तरी त्यातून पार होतोय. हे वाचतानाही, आणि पणजोबा कापडगिरणीत जात होते तेव्हाही. विमानाच्या उंचीवर हे प्रमाण कित्येक पट असतं, तरी लोक रोज लंडनला जाऊन येतात. मुंबई भूचुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्यामुळे कमी ऊर्जेचे कण पृथ्वीचं चुंबकत्व वरच्या वरच वळवून लावतं. उत्तरेकडच्या देशांपेक्षा आपल्याकडे म्हणूनच ते कमी पोचतात.

‘किरणोत्सर्ग खूप वाढेल’

अवकाशात वादळं होतात, हेही खरं. १० आणि ११ मे २०२४ ला २००३ नंतरचं सर्वांत मोठं भूचुंबकीय वादळ झालं, म्हणजे सूर्यातून आलेल्या झोताने पृथ्वीचं चुंबकत्व ढवळून निघालं. लडाखमध्ये हानलेहून आकाशातला लाल प्रकाश टिपला गेला. लांब पल्ल्याच्या रेडिओची शॉर्टवेव्ह विस्कळीत झाली, जीपीएसवरही परिणाम झाला. मुंबईतले मोबाइल नेहमीसारखे चालू राहिले. सूर्यातून आलेला चुंबकीय ढग पृथ्वीवरून जातो तेव्हा आकाशगंगेतून येणारे कॉस्मिक किरण बहुतेक वेळा काही काळ चक्क कमी होतात. या घसरणीला ‘फोरबुश घट’ म्हणतात.

रात्रीच्या वेळेबद्दल रेडिओवाल्याचा खास आक्षेप आहे. सूर्यावर मोठा भडका उडतो तेव्हा त्याचे क्ष-किरण आठेक मिनिटांत इथे पोचतात आणि वरच्या वातावरणातल्या आयनांबराचा खालचा थर असा आयनित करतात की शॉर्टवेव्ह गिळली जाते. पण हे घडतं दिवसाच्या बाजूला. मुंबईत रात्रीचा एक वाजलेला असताना सूर्य पृथ्वीच्या पलीकडे असतो. फटका बसायचाच तर अमेरिकेतल्या हॅमला बसेल.

ही चुंबकीय वादळं मोजतं कोण, असं मुलं विचारतात. त्याचं उत्तर गेटवेहून लाँचने जाण्याइतकं जवळ आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौर वादळाच्या कुलाब्यातल्या नोंदी आजचे शास्त्रज्ञही वापरतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं आणि त्यांच्या प्रवाहामुळे उपकरणं बिघडलेले आकडे दाखवणार, हे उघड होतं. म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. जुनी लगेच बंद केली नाही. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप केलं, आकडे जुळतात का ते पाहिलं, मग कुलाब्याचं थांबवलं. आकाशातला बदल कुठला आणि शेजारच्या ट्रामचा कुठला, हे वेगळं करण्यासाठी ही माणसं खाडीपलीकडे गेली. शंका घेणं म्हणजे काय, हे शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

‘मोबाइल जवळ असेल तर भयंकर इजा’

मोबाइल कॉस्मिक किरण ओढून घेत नाही, वाढवत नाही. तो बंद केला तरी ते तसेच येतात. ज्या म्यूऑनला इमारतीचा स्लॅब अडवत नाही, त्याला मोबाइलचं बटण काय अडवणार?

इथे ‘रेडिएशन’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. मोबाइलच्या रेडिओ लहरीच्या एका फोटॉनची, म्हणजे ऊर्जेच्या सर्वांत लहान पुडक्याची, ऊर्जा दिसणाऱ्या प्रकाशाच्या फोटॉनपेक्षा लाखो पटींनी कमी असते. अणूतून इलेक्ट्रॉन उडवण्याची ताकद तिच्यात नाही. ती जास्तीत जास्त थोडी ऊब देते, आणि त्या उबेवर मर्यादा आहे: भारतात सप्टेंबर २०१२ पासून मोबाइलसाठी १.६ वॅट प्रति किलोची एसएआर मर्यादा लागू आहे. (एसएआर म्हणजे शरीर लहरींची किती ऊर्जा शोषतं त्याचं माप.) स्टार-हॅश-शून्य-सात-हॅश डायल करा, बहुतेक फोनवर तुमच्या मोबाइलचा आकडा दिसेल. फोर-जी फोन जोरात बोलतो तेव्हा साधारण पाव वॅटच्या आत असतो. माझ्या हातातला हँडी, म्हणजे वॉकीटॉकीसारखा रेडिओ, ५ वॅटचा आहे.

‘सिंगापूर टीव्ही, नासा, बीबीसी’

नावं तीन, दुवा एकही नाही. आम्हा हॅममध्ये समोरच्याचं क्यूएसएल कार्ड (संपर्क झाल्याची खात्री देणारं कार्ड) आल्याशिवाय किंवा त्याच्या लॉगमधली नोंद आपल्या नोंदीशी जुळल्याशिवाय तो संपर्क पुरस्कारासाठी धरत नाहीत. ‘मी जपानशी बोललो’ हे सांगणारा कितीही मोठा असो, जपानकडूनही तेच यावं लागतं.

याबाबत आमच्या लोकांनाही मला बोलायचं आहे. स्पर्धेत जो तो समोरच्याला डोळे मिटून ‘फाइव्ह नाइन’, म्हणजे ‘अगदी स्पष्ट आणि जोरदार’ असा रिपोर्ट देतो, आवाज ऐकू येत नसला तरी. मुलं हे ऐकतात. मोजल्याशिवाय आकडा द्यायचा नाही हे त्यांना शिकवायचं असेल तर आपण ते बंद करायला हवं.

माझ्याकडे मुलांसाठी एक प्रयोग आहे. दोन अँटेना एका स्विचला जोडायच्या. एक मूल पुठ्ठ्याआड बसून स्विच फिरवतं. बाकीची १० मेगाहर्ट्झवर चीनच्या वेळदर्शक केंद्राची टिकटिक ऐकतात आणि कुठल्या पाळीला आवाज मोठा होता ते लिहितात. आधी पुठ्ठा काढून, मग लावून. पुठ्ठा नसतो तेव्हा सगळ्यांना लांबलचक, देखणी अँटेना भारी वाटते. पुठ्ठा लागला की उत्तरं विखुरतात, कारण सिग्नल स्वतःच वरखाली होत असतो आणि एका ऐकण्यावरून काहीच ठरत नाही. मग मुलंच म्हणतात, अजून पाळ्या घेऊ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्योतिषाची चाचणी याच पद्धतीने केली होती: शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका, कुठली कुणाची ते झाकलेलं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली, बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती. आपला प्रयोग आणि हा प्रयोग एकाच जातीचा आहे, हे मुलांच्या चटकन लक्षात येतं.

‘आपल्या माणसांना पाठवा’

मेसेज खोटा असला तरी पाठवायला काय जातंय, काळजी घेतलेली बरी, असं चांगली शिकलेली माणसं म्हणतात. माझा सर्वांत मोठा विरोध या वाक्याला आहे. रात्री तीन तास फोन बंद ठेवला आणि त्याच वेळी एकट्या राहणाऱ्या आजीच्या छातीत दुखू लागलं तर?

आणि मुंबईने याहून भयंकर पाहिलं आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. दोन दिवसांनी, २८ जुलैच्या रात्री, जुहूच्या नेहरूनगर वस्तीत धरण फुटल्याची, त्सुनामी आल्याची अफवा पसरली. लोक अंधारात धावत सुटले आणि चेंगराचेंगरीत डझनाहून अधिक माणसं गेली, त्यांत मुलं होती. ती बातमी तोंडोतोंडी पुढे देणाऱ्या प्रत्येकाला आपल्या माणसांची काळजीच वाटत होती. आणीबाणीत हॅम निरोप पोचवतात तेव्हा निरोप कुणाचा, किती वाजता लिहिलेला, कुणासाठी, हे आधी घेतात आणि मजकूर शब्दशः पुढे देतात. पाठवणाऱ्याचं नाव नसेल तर निरोप पुढे जात नाही, तो कितीही तातडीचा वाटला तरी.

एक आक्षेप पालकांकडून येतो: हे शिकवलं की मुलं उलट बोलायला लागतील, मोठ्यांचा मान ठेवणार नाहीत. वैज्ञानिक दृष्टी वाढवणं हे संविधानाच्या अनुच्छेद ५१ क मधलं मूलभूत कर्तव्य आहे, मुलांच्या पाठ्यपुस्तकात सुरुवातीलाच छापलेलं. ते पाळायचं तर घरातच सुरुवात करावी लागेल, आणि अदबीने करता येईल. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी ग्रुपवर उत्तर द्यायला मनाई केली आहे. चारचौघांत चूक दाखवली की आत्या दुखावते आणि पुढच्या वेळी मेसेज दुसऱ्या ग्रुपवर टाकते. तिला फोन करायचा, आणि विचारायचं: ‘आत्या, यात तारीख कुठली आहे गं? तुला कुणी पाठवला? आपण दोघी मिळून बघू या का?’ मेसेजवर दोन बाणांची खूण असली, म्हणजे तो खूप वेळा पुढे ढकलला गेलाय, हेही तिला दाखवायचं. एका मुलीच्या आत्याने त्यानंतर तो मेसेज स्वतःहून काढून टाकला आणि जिने पाठवला होता त्या मैत्रिणीला तारीख विचारली.