पढतमूर्ख आमच्याच घरात

तुमच्या लेखात दासबोधातल्या मूर्खलक्षणांची यादी दिलीत, पण समर्थ रामदासांच्या या ग्रंथात दुसऱ्या दशकाचा, म्हणजे भागाचा, पहिला समास (प्रकरण) मूर्खाचा आणि लगेच दुसरा उत्तमलक्षणांचा, हे राहिलंच. ती जोडी मुद्दाम आहे. खानापूरला आमचे आबा तिन्हीसांजेला वाचायचे. वडिलांची कीर्ती सांगतो तो मूर्ख, इथवर आले की चष्मा पुसायचे आणि लगेच त्यांच्या वडिलांनी बेळगावच्या बाजारात बैलजोडी कशी स्वस्तात पाडली ते सुरू! आजी चुलीपुढं नुसती फुंकणी आपटायची. खरा घोळ दहाव्या समासातल्या पढतमूर्खाचा. कळतं सगळं, वळत नाही. मी मास्तर, पोरांना राग आवरा म्हणतो. काल बसमध्ये सुट्ट्या दोन रुपयांवरून कंडक्टरशी कन्नडात भांडलो की हो! शब्द संपले तसा मराठीत.