आधी पत्रा बघा

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या ऑफिसातले पंचवीस जण दोन शनिवार नवी मुंबईतल्या दिघ्याच्या डोंगरउतारावरच्या एका वस्तीत घरं रंगवायला गेलो होतो. ऐरोलीत इतकी वर्षं नोकरी करून त्या चढावर माझा पाय पहिल्यांदाच पडला. अकरा घरं रंगवली. मावश्यांनी चहा पाजला, पोरांनी हातातले ब्रश ओढून घेतले. त्या दिवशी घरी परतताना वाटलेलं समाधान खरंच होतं, ते मी आजही नाकारणार नाही.

जुलैत त्यातल्याच एका मावशींचा फोन आला. "दादा, मोठी ताडपत्री मिळंल का कुठं?" संध्याकाळी गेलो. मागच्या भिंतीचा रंग पापुद्र्यासारखा हाताला सुटून येत होता. पत्रा हुकांपाशी गळत होता, खाली दोन टोप आणि एक घमेलं मांडलेलं. विजेच्या बोर्डाला प्लास्टिकची पिशवी बांधली होती आणि दोन्ही नातवंडांना त्या भिंतीकडे जायची बंदी होती.

मावशी म्हणाल्या, "रंग चांगलाच होता हो. पण तवाच इचारलं असतं तर सांगितलं असतं, आधी पत्रा बघा."

आम्ही विचारलंच नव्हतं. रंग कुठला घ्यायचा यावर ऑफिसात दोन मीटिंगा झाल्या होत्या, घरातल्या बाईला एक प्रश्न विचारला नव्हता.

नंतर एका मिस्त्रींना घेऊन गेलो. ते त्याच वस्तीत राहतात, घणसोलीतल्या कितीतरी टॉवरांचा गिलावा त्यांच्या हातचा. पाच मिनिटांत त्यांनी दुखणं सांगितलं. डोंगराचं पाणी घराच्या पाठीमागे साचतं आणि भिंतीत मुरतं. तिथे चर खणून ते बाजूला काढल्याशिवाय कुठलाच रंग टिकणार नाही. पत्र्याचे हुक गंजलेत, वायसर सडलेत, ते बदला. आणि बोर्डाला आरसीसीबी बसवा. हा शेवटचा खर्च सगळ्यात कमी आणि सगळ्यात मोलाचा. ३० मिलीअँपिअरचं ते उपकरण करंट गळायला लागला की क्षणात वीज तोडतं. ओल्या भिंतींच्या घरात ते नसणं म्हणजे रोज जिवाशी खेळ.

मी हिशेबाच्या खात्यात आहे, म्हणून एक गोष्ट स्पष्ट दिसते. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली सरासरी नफ्याचे २ टक्के सीएसआरवर, म्हणजे कंपनीच्या सामाजिक कामांवर, खर्च करायचे, आणि वर्ष संपतं ३१ मार्चला. म्हणून सगळी धावपळ जानेवारी ते मार्च. पत्र्याचं काम करायचं असतं एप्रिल-मेमध्ये आणि ते जमलं की नाही हे कळतं जुलैत. तोवर आमचा अहवाल फोटोंसकट जमा झालेला असतो. पण नियमांत 'चालू प्रकल्प' म्हणून सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत काम नेता येतं. शिवाय कर्मचाऱ्यांनी दिलेल्या तासांची किंमत लावून ती सीएसआर खर्चात दाखवता येत नाही. मग आमचे तास रंगाच्याच कामावर का घालवायचे? मजुरी मिस्त्रींना द्या, पूर्ण द्या. आम्ही घमेली उचलू, दरपत्रकं मागवू, घाऊक भावात पत्रे आणू आणि पावसाळ्यात पुन्हा जाऊन बघू.

"त्यापेक्षा सरळ पैसे द्या, तुमची लुडबुड कशाला," असं काही मित्र म्हणतात. मला ते पटत नाही. फेब्रुवारीत गेलो नसतो तर मावशींकडे माझा नंबर कुठून असता?

भाड्याच्या घरांचा प्रश्न मात्र मला आधी सुचला नव्हता. रंगवलेल्यांपैकी एका घराच्या मालकाने दोन महिन्यांत भाडं वाढवलं. घर नीट केलं आणि भुर्दंड बसला भाडेकरूला. यंदा मालकाकडून आधी लिहून घेतलं, दोन वर्षं भाडं वाढणार नाही. एकाने सही नाकारली. तिथे आम्ही भिंतीला हात लावला नाही. मांडणी आणि पाण्याचं पिंप दिलं, म्हणजे घर बदललं तरी त्या ताईंना सोबत नेता येईल.

आणि "पुनर्विकास येणारच आहे, आता कशाला खर्च" हे ठाण्यापासून दिघ्यापर्यंत ऐकू येतं. येईल तेव्हा येईल. मधले पावसाळे काही थांबणार नाहीत.

यंदा मे महिन्यात चारच घरं घेतली. चर, पत्रे, बोर्ड; रंग फक्त ज्यांनी मागितला त्यांना. परवाच्या मोठ्या पावसात चारही घरी जाऊन आलो. तीन कोरडी आहेत. मावशींच्या घरी मोरीच्या कोपऱ्यात अजून थेंब पडतो, रविवारी सकाळी मिस्त्रींबरोबर तो बघायला जातोय. एका माणसाची गरज आहे, शिडी धरायला.